चौथी सत्ती

डिसेंबर अर्धा सरला की जबलपूरच्या कांचघर भागातल्या आमच्या गल्लीत मटार येतो. हातगाडीवर येतो, सायकलच्या कॅरिअरवर येतो, ऑटोच्या मागच्या सीटवर माणसासारखा टेकून बसून येतो. पोत्यांची तोंडं उघडी असतात. त्यांतून जो वास सुटतो तो भाजीचा नसतो, ओल्या मातीचा आणि कोवळ्या, गोडसर हिरवेपणाचा असतो. दुपारी प्रत्येक गच्चीवर कुणीतरी परात घेऊन बसलेलं दिसतं. संध्याकाळी कोपऱ्यावर टरफलांचा ढीग पडतो, गायी त्यात तोंड खुपसून उभ्या राहतात आणि स्कूटरवाले हॉर्न वाजवून थकतात. या दिवसांत इथली माणसं एकमेकांना कसे आहात असं विचारत नाहीत. 'मटर भर लिया क्या,' असं विचारतात. भरून घेणं म्हणजे सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, पिशव्यांत बांधून वर्षभरासाठी फ्रीजरमध्ये ठेवणं.

मला या दिवसांत एका जागी बसवत नाही. काल सोलायला बसले, अर्धी परात झाली आणि उठले. गॅस बंद आहे का पाहिलं. बंद होता. परत बसले. मग वाटलं, गच्चीवरचे कपडे काढायचे राहिले. कपडे सकाळीच काढले होते. माझे यजमान वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "काहून फिरून राहिली सारखी? बस ना एका जागी."

"अंगठा दुखतो," मी म्हटलं.

अंगठा दुखत नव्हता. तीन वर्षांपूर्वीचा मटार आठवत होता.

मी इथल्या एका शाळेत गणित शिकवते, सव्वीस वर्षं झाली. शाळेत मी शांत बाई म्हणून ओळखली जाते. घरी तसं कुणी म्हणत नाही. आमची एकुलती एक मुलगी गौरी तेव्हा पंचवीस वर्षांची होती. भूगोल घेऊन बी.ए. झाली होती आणि सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षेची तयारी करत होती. तीन वेळा परीक्षा दिली होती, तिन्ही वेळा राहिली होती. निकाल लागायचा, मी दोन दिवस घरात आदळआपट करायची, आणि गौरी जेवायला बसून वरण वाढून घ्यायची. तिचा चेहरा जसाच्या तसा असायचा. मला तो चेहरा समजत नसे.

पोकर आमच्या गच्चीवर आणलं ते शेजारच्या नेगीजींनी. नेगीजी मूळचे गढवालचे. फौजेत सूबेदार होते. शेवटचं पोस्टिंग जबलपूरला झालं आणि इथंच घर बांधून राहिले. नोकरीत असताना ते परदेशात शांतिसेनेत गेले होते. तिथल्या तळावर चार देशांचे जवान, चार भाषा, आणि बोलायला कुणाकडे काही नाही. पत्ते मात्र सगळ्यांना येत होते. तिथे ते हा खेळ शिकले. गौरीला पुस्तकं घेऊन उन्हात एकटी बसलेली पाहून एका हिवाळ्यात ते म्हणाले, "बेटा, आधा घंटा दिमाग को छुट्टी दो," आणि पत्त्यांचा जोड काढला. तिच्याकडून तो खेळ तिचे बाबा शिकले, मग मी.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते फक्त त्यानं पाहायचे. मग मध्ये पाच पत्ते उघडे पडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा. आपले दोन आणि मधले पाच यांतून ज्याची जुळणी भारी त्याचा डाव. प्रत्येक उघड्या पत्त्यागणिक तुम्ही काहीतरी लावायचं, नाहीतर पत्ते टाकून डावातून उठायचं. आम्ही मटाराच्या शेंगा लावायचो. रविवारी सकाळी पोतं उघडलं की प्रत्येकापुढे सारखा ढीग घालायचा, आणि दुपार सरताना ज्याच्यापुढे सगळ्यात कमी उरल्या असतील त्यानं उरलेलं सगळं एकट्यानं सोलायचं. एवढीच काय ती जोखीम. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्याला हाव कारण नव्हती. शेंगा होत्या फक्त.

मला वाटलं होतं मी या खेळात सगळ्यांच्या पुढे असेन. शक्यता हा माझा आवडता धडा. कुठला पत्ता निघण्याची किती संधी, हे मी नेगीजींच्या आधी सांगायची. ते मान हलवायचे, हसायचे, आणि माझ्या शेंगा ओढून घ्यायचे. गौरी तर काही बोलायचीच नाही. दोन पत्ते एकदा पाहायची, पालथे ठेवायची, आणि मग गुडघ्यांना मिठी मारून समोरच्याकडे पाहत बसायची. चांगले पत्ते आले तरी तशीच, वाईट आले तरी तशीच.

तो संक्रांतीनंतरचा रविवार होता. ऊन छान होतं, पण वाऱ्याला धार होती. आम्ही चौघं सतरंजीवर बसलो होतो आणि नेगीभाभी जरा बाजूला, भिंतीला टेकून, आपली परात घेऊन सोलत होत्या. त्या कधी खेळत नसत.

मला दोन राण्या आल्या. मधले तीन पत्ते उघडले: राणी, सत्ती, दुर्री. म्हणजे माझ्या तीन राण्या झाल्या. नेगीजींनी पत्ते टाकले. यांनीही टाकले. गौरी राहिली. चौथा पत्ता नव्वी निघाला, दोघींच्याही कामाचा नाही. मी शेंगा वाढवल्या, तिनं तेवढ्याच पुढे सारल्या. शेवटचा पत्ता निघाला, सत्ती.

आता माझ्याकडे तीन राण्या आणि मधल्या दोन सत्त्या. एवढी भारी जुळणी मला त्या अख्ख्या हिवाळ्यात आली नव्हती. मी माझा सगळा ढीग दोन्ही हातांनी मध्ये लोटला. गौरीनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनंही आपला ढीग सारला आणि पत्ते उलटे केले. दोन सत्त्या. मधल्या दोन आणि तिच्या दोन, चार सत्त्या. चारच्या पुढे माझं काही चालत नव्हतं.

ज्या पत्त्यानं मला राजा केलं होतं त्याच पत्त्यानं मला उठवलं होतं. मी मनात हिशेब केला, सवयीनं. आम्हा दोघींचे चार पत्ते आणि मधले चार सोडले तर उरतात चव्वेचाळीस. त्या चव्वेचाळिसांत तिला तारणारा एकच होता.

गौरी हसली नाही. तिनं शेंगा ओढल्या त्याही हळूच, आवाज न करता. आणि म्हणाली, "सॉरी आई."

त्या 'सॉरी'नं माझे कान तापले. ती टाळ्या पिटून हसली असती तर मीही हसले असते असं मला अजून वाटतं. पण तिला माझी कीव आली होती, आणि मुलीनं आईची कीव करावी याची मला सवय नव्हती.

यांनी आपल्यातल्या मूठभर शेंगा मला दिल्या. पुढचे डाव मी कसे खेळले ते आठवत नाही, म्हणजे पत्ते आठवत नाहीत, हात आठवतात. माझे हात भराभर चालत होते. पत्ते पुरते पाहायच्या आधीच शेंगा मध्ये जात होत्या. नेगीजी पत्ते वाटता वाटता थांबले.

"भाभीजी, ज़रा टहल आइए. पाँच मिनट."

"मैं ठीक हूँ. बाँटिए आप."

त्यांनी वाटले. दोन डावांत माझ्यापुढे एकही शेंग उरली नाही. लावायला काहीच नव्हतं, आणि मला मात्र कुठेतरी जिंकायचं होतं. मी गौरीला विचारलं, "फॉर्म भरलास का?"

"कौनसा?"

"कौनसा म्हणजे? परीक्षेचा."

तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं. म्हणजे त्यांना माहीत होतं.

"आई, आपण खाली जाऊन बोलू."

"इथंच बोल."

"नाही भरला," गौरी म्हणाली. "तारीख निघून गेली. मी आता नाही देणार, आई. तीन बार दिली ना. बस झालं. इंदूरला एक काम मिळून राहिलं, नकाशांचं. मी तुला सांगणारच होते."

मी म्हणाले, "पत्त्यांत एखादी सत्ती निघाली म्हणून स्वतःला फार हुशार समजू नकोस. परीक्षेला डोकं लागतं."

"सुनंदा," हे म्हणाले.

मी थांबले नाही. "तीन वर्षं लावली तुझ्यावर. सगळी फुकट गेली. तुझ्यात काही आहे असं मला आता वाटतच नाही."

नेगीभाभींचे हात परातीत थांबले. त्यांना मराठी येत नाही, पण तेवढं कळायला भाषा लागत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वर्गातल्या कुठल्याही पोरीला, अगदी शून्य मिळवणारीलाही, ते वाक्य कधी म्हटलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या मुलीला म्हटलं, भर उन्हात, शेजाऱ्यांसमोर.

गौरीनं सगळे पत्ते गोळा केले. चारही बाजूंनी ठोकून सारखे केले, डबीत घातले, डबी नेगीजींपुढे ठेवली. "अंकल, मैं चलती हूँ," म्हणाली आणि जिना उतरून गेली. चौथ्या दिवशी ती इंदूरच्या गाडीत बसली. मी शाळेत होते. मुद्दाम होते. त्या दिवशी मला सुटी घेता आली असती.

जवळपास दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. बाबांना फोन करायची, रोज. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. हे म्हणायचे, "अच्छा, अच्छा. जेवलीस का? घर कसं आहे?" आणि मग एका ठरलेल्या ठिकाणी त्यांचा आवाज उतरायचा, "आई आहे ना, बरी आहे." मी हातातलं भांडं पुसत राहायची. ते केव्हाच कोरडं झालेलं असायचं.

सुरुवातीचे महिने मी स्वतःशी वाद घालत होते आणि प्रत्येक वाद जिंकत होते. तिनं लपवलं, मी नाही. तिच्या भल्याचंच बोलले. आया बोलतात. शाळेच्या वाटेवर माझे ओठ हलायचे, हे मला एका पानवाल्याच्या नजरेवरून कळलं. मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये बसवायचं नाही, मैदानाला फेऱ्या मारायची. रविवार आला की सकाळी सातला घर झाडून तयार, आणि मग काय करायचं ते कळायचं नाही.

एका रविवारी मी नेगीजींच्या दारात गेले. म्हटलं, "आपको गुस्सा नहीं आता क्या?"

नेगीजी बागेतल्या नळाची तोटी बसवत होते. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि मला खुर्ची दिली.

"आता है," ते म्हणाले. "बहुत आता था. एक बार कैंप में मैं पूरी शाम हारा. अगली सुबह एक जवान छुट्टी की अर्ज़ी लेकर आया. मैंने बिना पढ़े लौटा दी. बहन की शादी थी उसकी. मुझे बाद में पता चला. रिटायरमेंट पर वो मिला, पैर छुए, मिठाई खिलाई. एक शब्द नहीं बोला उस बात पर. मैं चाहता था कि बोले."

त्यांनी पाना परत उचलला. मग म्हणाले, "हारना तो एक मिनट का काम है, भाभीजी. उसके बाद गाड़ी एक तरफ़ झुक जाती है. चलती रहती है, पर झुकी हुई. और चलाने वाले को लगता है, सड़क टेढ़ी है."

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर खेळायला लागले, दोघंच, राजम्याचे दाणे लावून. मला वाटलं होतं ते मला चेहरा कोरा ठेवायला शिकवतील. ते म्हणाले, चेहरा समोरच्यासाठी असतो, तो नंतर सांभाळू. आधी तुम्हाला राग येतो कुठून, ते शोधा. पोटातून, हातातून, छातीतून, कुठून?

मला ते शोधायला दोन महिने लागले. माझा राग कानांतून येतो. आधी डावा कान तापतो, मग उजवा, मग हात भराभर चालायला लागतात, आणि जीभ सगळ्यात शेवटी. म्हणजे मधे वेळ असतो. फार नाही, गच्चीच्या टाकीपर्यंत जाऊन परत यायला लागतो तेवढा. मी डाव अर्धा टाकून टाकीपर्यंत जायची, टाकीला हात लावायची आणि परत यायची. नेगीजी तोवर आभाळाकडे बघत बसायचे. कधी एका दुपारी मी सहा वेळा गेले. खाली गल्लीतल्या बायकांना वाटलं असेल, यांच्या टाकीत पाणी राहत नाही.

वर्गातही ते कान यायला लागले. दहावीतल्या एका मुलीनं फळ्यावर समीकरण सोडवताना तिसऱ्यांदा तीच चूक केली आणि वर्ग हसला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. डावा कान तापला. मी वळले, जाऊन खिडकी उघडली, बाहेरच्या घंटेकडे पाहिलं, परत आले. म्हटलं, पहिल्या ओळीपासून परत मांडू. तेवढंच झालं. पण त्या दिवशी घरी येताना मला रडू आलं. एका परक्या पोरीसाठी मी खिडकीपर्यंत जाऊ शकत होते.

आणि मग मागच्या हिवाळ्यात, मटाराच्या दिवसांतच, चहा पिता पिता यांच्या तोंडून निघून गेलं, "मझौलीला थंडी जास्त आहे म्हणते."

"कोण म्हणते?"

ते कप ठेवून म्हणाले, "गौरी. शेतांचे नकाशे काढायचं काम आहे तिचं. आठ दिवस झाले तिथे आहे. तुला सांगू नको म्हणाली होती."

आठ दिवस. घरापासून दोन तासांवर. मी कप उचलून धुवायला गेले, त्यात अर्धा चहा होता.

पुढचा रविवार यायच्या आत मी तीनदा जायचं ठरवलं आणि तीनदा रद्द केलं. रविवारी सकाळी मात्र बसमध्ये बसले, सिहोऱ्याला गाडी बदलली. खिडकीबाहेर धुकं उचलत होतं. मझौली जवळ आली तशी दोन्ही बाजूंना मटाराची शेतं सुरू झाली. बायका ओळीनं वाकून शेंगा तोडत होत्या, बांधावर पोती उभी होती, ट्रॅक्टर वाट बघत होते. आमच्या गच्चीवर येणारा मटार असा कुणाच्या तरी कमरेच्या कळांतून येतो, हे मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहत होते. यांनी कागदावर पत्ता लिहून दिला होता, एका गोदामाचं नाव आणि विहीर. विचारत विचारत गेले.

गौरी बांधावर उभी होती. डोक्यावर टोपी, हातात यंत्र, आणि वर आभाळात मोठ्या माशीसारखा गुणगुणणारा ड्रोन. वाळली होती. तिनं मला पाहिलं, पण आधी तो ड्रोन सावकाश खाली उतरवला, चादरीवर ठेवला, आणि मग माझ्याकडे आली.

"आई? तू इथे कैसे?"

"बसनं."

"बाबा?"

"घरी आहेत. ठीक आहेत."

मी बसमध्ये चार वाक्यं पाठ केली होती. ती राहिली बाजूला आणि मी म्हणाले, "आठ दिवसांहून जास्त झाले तुला इथे येऊन."

"काम होतं."

"रात्री काय काम असतं? दोन तासांवर घर आहे तुझं." डावा कान तापला. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. उजवाही तापला. मी म्हटलं, "गौरी, मला राग येऊन राहिला. तू थांब. मी येते."

आणि मी चालायला लागले. ती मागून बघत असणार. बांध पार टोकापर्यंत गेले. तिथे एक म्हातारी पोत्याचं तोंड शिवत बसली होती. कुणाची आई म्हणून तिनं विचारलं, "कौन की मताई हो?"

"उसकी. टोपीवाली की."

"अच्छी बिटिया है," ती म्हणाली. "हमाओ खेत दिखाओ हमें, ऊपर से. साठ साल से इतई हैं, ऊपर से कभऊँ नईं देखो."

गौरीनं तिला तिचंच शेत वरून दाखवलं होतं, हे कळेपर्यंत मी तिथे उभी राहिले. मग परत आले. गौरी तशीच उभी होती.

"त्या दिवशी मी जे बोलले ते चूक होतं," मी म्हटलं. "मला ते बोलायला नको होतं."

तिनं टोपी काढली, केस मागे सारले, परत घातली. "एक विचारू? तू पत्ते हरली होतीस म्हणून ते निघालं, की तुला खरंच तसं वाटत होतं?"

उत्तर तयार होतं. पत्ते हरले होते म्हणून. ते उत्तर तिलाही चाललं असतं, मलाही. ती माझ्याकडे पाहत होती, गच्चीवर पाहायची तशी, घाई न करता.

"वाटत होतं," मी म्हणाले. "रोज नाही. पण कधी कधी वाटायचं. निकाल लागला की तू जेवायला बसायचीस, वरण वाढून घ्यायचीस. मला वाटायचं, हिला काहीच कसं होत नाही. म्हणजे हिला ते हवंच नाही."

गौरी खाली वाकली. तिनं एक काडी उचलली आणि तिचे तुकडे करायला लागली.

"मला होत होतं, आई," ती म्हणाली. "मी तुला दाखवत नव्हते. तू आधीच एवढी परेशान असायचीस, मी पण रडले असते तर घरात कोण राहिलं असतं? मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. तू बाहेरून ओरडायचीस, कपडे धुऊन राहिली का, पाणी संपेल."

मला तो नळ आठवला. मला माझं ओरडणंही आठवलं.

कितीतरी दुपारी मी तिच्या त्या स्थिर चेहऱ्याचा हेवा केला होता. नेगीजींनी शिकवलं असं समजत होते. नेगीजींनी पत्ते शिकवले होते फक्त. चेहरा ती आमच्या घरात शिकली होती, माझ्यासमोर बसून, माझा चेहरा वाचत. आज मी लोकांना सांगते की राग सांभाळता येतो, टाकीपर्यंत जाऊन यायचं. सांगताना मनात मात्र टोचत असतं की माझ्या घरातल्या एकीला तो इतका चांगला सांभाळता येत होता की मला ती रिकामी वाटली. सांभाळण्याचीही एक हद्द असावी. ती कुठे आहे हे मला अजून नीट सांगता येत नाही.

बांधावर आम्ही गळ्यात गळा घालून रडलो वगैरे काही झालं नाही. तिनं पाण्याची बाटली पुढे केली, मी प्यायले. ती म्हणाली, "आता मला काम आहे. ऊन उतरलं की फोटो नीट येत नाहीत."

"घरी येशील?"

"बघते."

परतीच्या बसमध्ये मी तो एक शब्द दोन तास उलटून पालटून पाहिला. बघते म्हणजे हो, बघते म्हणजे नाही. यांनी दार उघडताच विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "बघते म्हणाली." ते म्हणाले, "अच्छा," आणि चपला घालून उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. बेचैनीत आम्ही दोघं सारखेच आहोत, ते फक्त घराबाहेर फिरतात.

सोमवार, मंगळवार, बुधवार. मी फोन केला नाही. हातात घेतला, किती वेळा ते सांगत नाही. शाळेत उत्तरपत्रिका तपासताना एकीला मी दोनदा मार्क दिले आणि तिनंच ते येऊन प्रामाणिकपणे सांगितलं. संध्याकाळी गेटचा आवाज झाला की मी खिडकीशी, आणि तो दूधवाला असायचा नाहीतर वारा.

गौरी आता महिन्या-दोन महिन्यांनी येते. आमचं अजून भांडण होतं. ती चिडली तर आता चेहऱ्यावर दिसतं, आणि ते दिसलं की मला पहिल्यांदा भीती वाटते आणि मग बरं वाटतं. काही गोष्टी ती अजून बाबांनाच सांगते. मी ते चालवून घ्यायला शिकते आहे, पण स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते हेही खरं.

मझौलीहून आल्यानंतरच्या त्या गुरुवारी मी शाळेतून पाचला परत आले. दार यांनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत पलंगावर गौरी झोपली होती. दुपारी न सांगता आली होती, चिखलाचे बूट दारात काढून, दोन पोळ्या खाऊन आडवी झाली होती. टोपी उशाशी होती. पंजे पलंगाबाहेर लोंबत होते, लहानपणी झोपायची तसेच.

तिला हलवून उठवावं असं मला इतकं वाटलं की माझा हात पुढे गेला होता. किती बोलायचं होतं. पुन्हा माफी मागायची होती, नीट, पूर्ण. इंदूरचं घर कसं आहे, खोलीत ऊन येतं का, कोण स्वयंपाक करतं, हे विचारायचं होतं. मी हात मागे घेतला आणि खुर्चीवर बसले. उठले. परत बसले.

झोपेत तिचा चेहरा शांत नव्हता. भुवया आक्रसल्या होत्या, खालचा ओठ मधूनच हलत होता, डोळ्यांखाली काळं होतं. कुणीतरी तिला काहीतरी विचारत असावं आणि तिला उत्तर येत नसावं असा तो चेहरा होता. सत्तावीस वर्षांत मी तो पाहिलाच नव्हता म्हणा ना. बाहेर उजेड कमी होईपर्यंत मी तो पाहत बसले.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला तेव्हा मी उठून गेले. हे कुकरमध्ये पाणी घालत होते. मी खुणेनं सांगितलं, लावू नका, शिटी होईल.

"मग जेवण?" ते हळू आवाजात म्हणाले.

"ती उठेल तेव्हा जेवू," मी म्हटलं, आणि कुकर त्यांच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवला.